बॉक्सच्या पुढच्या रेषेवर

चेंडू पाच, त्यांतल्या एकाची शिवण उसवलेली. बॅट एक. सुटलेला चेंडू थोपवायला भिंतीवर टांगलेली जुनी गादी एक. यंत्राच्या जुन्या पट्ट्यातून कापलेली पाचकोनी प्लेट एक आणि तिच्यापासून तेरा मीटरवर, जिथून चेंडू फेकायचा तिथे, जमिनीत ठोकलेली लाकडी फळी एक. माणसं दोन. वर्कशॉपच्या मागच्या बोळात रोज संध्याकाळी एवढाच पसारा असायचा. गेल्या काही महिन्यांत त्यातली एकच गोष्ट बदलली होती, ती म्हणजे टिटवीची उभं राहायची जागा.

टिटवी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. काटकुळे पाय, एका जागी ठरायचं म्हणून नाही आणि वर तोंडाची टकळी. वडिलांना मैदानावरची माणसं चक्की म्हणत. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून नाही, हात पूर्ण गोल फिरवून कमरेखालून सोडतात आणि तो टप्पा न पडता थेट प्लेटवरून जावा लागतो. चक्कीचा हात असा गरगर फिरायचा, की समोरच्याला हात दिसायचाच नाही, दिसायचा तो थेट चेंडू. दिवसभर लेथवर लोखंड कातायचं आणि सुट्टीच्या दिवशी समोरच्या संघाची दाणादाण उडवायची, असं त्यांचं वीस वर्षं चाललं होतं.

टिटवीला बॅट धरता येऊ लागली, तेव्हा त्यांनी प्लेटशेजारी चुन्याने एक लांबट चौकट, म्हणजे बॅटरचा बॉक्स, आखली. बॅटरने हिच्यात उभं राहायचं.

"ही तुझी खोली," ते म्हणाले. "भाडं नाही. पण पाऊल बाहेर टाकून चेंडू मारलास, तर सामान रस्त्यावर."

"खोलीत कुठे उभी राहू?"

"समोर कोण आहे ते बघून. चेंडू जोरात येत असेल तर मागच्या रेषेला टेक, बघायला जरा वेळ मिळतो. चेंडू शेवटी बुडत असेल तर पुढे सरक. बुडायच्या आधीच गाठायचा त्याला."

वडिलांसमोर टिटवी कायम मागच्या रेषेला टेकून उभी राहायची, आणि तरी तिला वेळ पुरायचा नाही.

मग आधी त्यांच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली. नंतर स्कूटरची किल्ली वळेना. डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते लांबलचक होतं, अर्थ मात्र आखूड. स्नायू एकेक करून काम सोडणार आणि सोडलेला परत कामावर येणार नाही. लेथ सुटला. सही सुटली. जेवताना चमचा सुटला, तसे ते हसून म्हणाले, "चला, आता राजासारखं भरवून घ्यायचं." आई हसली नाही.

खांदा तेवढा अजून ऐकत होता. बोटांना चेंडू धरवत नसे म्हणून टिटवी तो त्यांच्या तळहातात बसवून द्यायची आणि पळत प्लेटपाशी जायची. हात फिरायचा, चेंडू सुटायचा.

"हात फिरतोय तोवर मी चक्की," ते म्हणायचे. "बाकीचं गेलं तर जाऊ दे."

पहिल्यांदा चेंडू प्लेटच्या अलीकडे टेकला, तेव्हा हात घसरला असं दोघांनीही म्हटलं. दुसऱ्यांदा टेकायच्या आत टिटवी बॉक्समध्ये वीतभर पुढे सरकली आणि तिने तो मारला. चेंडू पत्र्यावर धडाम आदळला.

"काय गं, आज फार जोरात दिसतेस!" वडील खूश झाले.

टिटवी पदार्थविज्ञान शिकलेली होती. वेग निम्मा झाला, की तेवढंच अंतर कापताना चेंडू चौपट खाली येतो, हे तिला कागदाशिवाय कळत होतं. तिने कागद काढलाही नाही. ती फक्त पुढे सरकत राहिली. आणि पुढे सरकणं पुरत नव्हतं, प्रत्येक चेंडू मारावाही लागत होता. सोडलेला चेंडू जमिनीवर पडतो, आणि पडलेला चेंडू तेरा मीटरवरूनही दिसतो. म्हणून ती वाकडातिकडा, लांबचा, पायाशी आलेला, कसलाही चेंडू सोडत नव्हती. शेवटी शेवटी तर ती गवत कापल्यासारखी खालून बॅट फिरवायची.

एकदा भांडी घासताना आईने विचारलं, "अजून किती पुढे सरकणार आहेस?"

"तुला काय माहीत?"

"वरच्या खिडकीतून बोळ दिसतो."

"बॉक्स संपेपर्यंत सरकीन."

"आणि मग?"

टिटवीने नळ मोठा सोडला.

"सांगून टाक त्याला," आई म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"आई, एवढं एकच राहिलंय गं त्याचं. कळलं तर तो दुसऱ्या दिवशी बोळात यायचा नाही."

आईने ताट पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं आणि विषय सोडला.

पुढच्या रविवारी टिटवीच्या संघाचा सामना होता. वडील आईच्या खांद्याला धरून पहिल्या रांगेत येऊन बसले. समोरची पिचर उंच, दणकट, तिचा चेंडू सूं सूं करत यायचा. टिटवी बॉक्समध्ये शिरली आणि पाय आपले आपण पुढच्या रेषेशी जाऊन थांबले. तीन चेंडूंत तिचा खेळ आटोपला. दुसऱ्या खेपेलाही तेच.

प्रशिक्षिका बाईंच्या गळ्यात सदा शिट्टी असायची, म्हणून पोरी त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्या ओरडल्या, "अगं, मागे हो ना! ती काय तुझी मावशी लागते, पुढे जाऊन गळ्यात पडायला? आणि दिसेल त्यावर काय बॅट फिरवतेस? पोरी, तुझी नजर कुठे गेली?"

शेवटच्या डावात दोन खेळाडू धावायला तयार होत्या आणि एका धावेचीच गरज होती. टिटवी निश्चयाने मागे उभी राहिली. चेंडू सुटला आणि तिच्या नकळत पाऊल पुढे पडलं. फटका मात्र असा बसला, की चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. पोरी नाचायला लागल्या. अंपायरने मूठ वर केली होती.

"बाद. पाय पूर्ण रेषेबाहेर."

शिट्टीबाई भांडायला धावल्या, खाली पाहिलं आणि मागे वळल्या. चुन्याच्या पलीकडे टिटवीच्या बुटाचा अख्खा ठसा होता.

मैदान रिकामं झाल्यावर वडील पाय ओढत तिथवर आले. आईने धरायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. बराच वेळ ते त्या ठशाकडे बघत होते.

"घाई झाली," टिटवी म्हणाली. "चेंडू जोरात होता ना."

"जोरात असला तर मागे राहायचं, हे मीच शिकवलंय तुला." त्यांनी बुटाच्या टोकाने ठशाची कड चाचपली. "ही घाई नाही. ही सवय आहे. कुणाच्या चेंडूवर लागली?"

टिटवीने आईकडे पाहिलं, तर ती हेल्मेट गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडीलच आधी दाराशी उभे राहिले. "चल."

बोळात त्यांनी तिला बॉक्समध्ये जायला सांगितलं. "मागच्या रेषेला टेक. अजून मागे. हां. बॅट खाली ठेव."

"बॅट कशाला खाली?"

"आज मारायचं नाही. नुसतं बघायचं."

"बाबा, तू काल दमलायस. उद्या करू."

"उद्याचा हात आजच्यापेक्षा वाईट असणार, टिटवे. आजचाच बघू. आधी चेंडू चुन्यात लोळव, म्हणजे कुठे पडला ते नीट कळेल."

तिने चेंडू चुन्यात लोळवले. एकेक त्यांच्या तळहातात बसवून दिला आणि मागच्या रेषेवर परत येऊन उभी राहिली. हात फिरला. अजूनही तो सुंदरच फिरत होता, फक्त आता दिसत होता. पहिला चेंडू पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला वडिलांनी दात आवळले, फळीवरून पाय सरकला, तोल जाता जाता सावरला. टिटवी पुढे धावली.

"जागेवर राहा!" ते ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "जागेवर राहा गं."

जमिनीवर पांढरे ठिपके उमटले होते. वडिलांना धाप लागली होती. वरची खिडकी उघडी होती आणि तिच्यात आई उभी होती.

"आता टेप घे," ते म्हणाले.

"तिन्ही मोजून सरासरी काढते."

"सरासरी तुमच्या प्रयोगशाळेत. आमच्यात सगळ्यात चांगली फेक धरतात." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "तिसरा मोज. आणि खरं सांग. मला खूश करायला आता सेंटिमीटरही चोरायचा नाही."

टिटवीने टेपचं टोक प्लेटच्या पुढच्या कडेला लावलं आणि गुडघे टेकून ती ठिपक्यापर्यंत सरकत गेली. आकडा नीट दिसेना. तिने बाहीने डोळे पुसले, टेप ताणून धरली आणि पुन्हा वाचला.

"प्लेटच्या अलीकडे एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर."