वायरमनचं घर

खट्! एमसीबीचा खटका पुन्हा पडला. पाचव्यांदा.

"मेल्या, लपलायस तरी कुठे?" वायरमन भिंतीलाच विचारत होता.

आतल्या खोलीत त्याची बायको ऑक्सिजनवर होती. लाइट गेली तसं मशीन बंद पडलं, आणि तिच्या नाकातली नळी आता छोट्या सिलिंडरला लावलेली. त्यात उरला होता जेमतेम अर्ध्या तासाचा श्वास.

सगळी बटणं बंद, सगळे प्लग काढलेले, तरी एमसीबी टिकेना. म्हणजे शॉर्ट भिंतीच्या आत. गल्लीतल्या घराघरांत त्याने अखंड वायर ओढली होती. स्वतःच्या घरात मात्र कामांवरून उरलेले तुकडे जोडत गेला. वीसेक सांधे, सगळे प्लास्टरखाली गाडलेले. पुढे बघू, पुढे बघू म्हणता म्हणता तीस वर्षं झाली!

"अहो, दाराजवळचं बटण महिनाभर गरम लागत होतं," बायको धापा टाकत म्हणाली. "सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

"बोलू नकोस गं. श्वास घे."

त्याने तो बोर्ड उचकटला. वायर काळीठिक्कर. चिमटीत धरताच आवरणाचा भुगा झाला. पट्टी गुंडाळली, एमसीबी वर केला. खट्! दुसरा बोर्ड. खट्!

"शिंपीणबाईंकडून वायर ओढा ना."

"वायरमनने शेजारी लाइट मागायची? थांब, सापडतंय."

सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला. आणि ज्या गोष्टीसाठी त्याने आयुष्यभर लोकांना शिव्या घातल्या, तीच त्याने केली. एमसीबी सोडून जाड वायरीने लाइन थेट जोडली. दिवा क्षणभर लागला. मग फाडकन आवाज, धूर, जळकट वास. मीटरच गेला.

घर गेलं खड्ड्यात, मीटरवरून एकच वायर सरळ मशीनला द्यायची होती! एवढं साधं काम, पण त्याला सुचलं ते मीटर जळाल्यावर.

तो अनवाणीच शेजारी धावला. "बाई, लाइट द्या. पाया पडतो तुमच्या!"

शिंपीणबाईंनी शिवणयंत्राचा प्लग उपटला. त्याने मशीनची वायर जोड देऊन खिडकीतून आत ओढली. ती पोचेल असं तेवढंच सॉकेट होतं, आणि तेही ढिलं. प्लग घातला की गळून पडे. त्याने तो हाताने दाबून धरला. भिंतीपलीकडे मशीन घरघरू लागलं.

बाई धावत जाऊन बघून आल्या. "ओठांवर रंग येतोय. विचारतायत, शॉर्ट सापडला का?"

त्याला हसू आलं, आणि हसता हसता हुंदकाच फुटला.

"अहो, हे सॉकेट उघडून नीट करा की. तुमच्या हातचा मळ तो."

"नको बाई. उघडायचं तर लाइट बंद करावी लागेल."

"सिलिंडरवाला संध्याकाळी येणार. तोवर असेच बसणार?"

"बसतो."

त्याने चिंध्यांतच मांडी ठोकली. उजवा हात भरून आला, तेव्हा तो न काढता आधी डावा प्लगवर ठेवला, आणि मगच उजवा सोडला.