श्रोत्याचा शब्द

खजराना गणपतीच्या रांगेत उभं राहून नाना मुंगींनी मोबाईलसमोर पहिला पाठ सांगितला, तेव्हा हारवाल्यानं विचारलं होतं, "नानाजी, रील बना रहे हो क्या?" नाना म्हणाले, "रील नाही रे बाबा, शाळा!"

शाळाच ती. एका संस्थेनं कीर्तनाचा दूरशिक्षण वर्ग काढला आणि इंदूरच्या नानांना शिक्षक नेमलं. खोलीत बसून बोलणं त्यांना जमेना, म्हणून सून यामिनी मोबाईल धरी आणि नाना चालता चालता शिकवीत, कधी सराफ्यात, कधी देवळात. देवास, खंडवा, पार नागपुरापर्यंतचे विद्यार्थी ते पाठ पाहत. शेवटचा एक पाठ उरला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. सोमवारी.

अशात संस्थेच्या समीरचा फोन आला. यामिनीनं तो स्पीकरवर टाकला.

"नानाजी, कंप्लेंट आहे. प्रत्येक पदात तुमचा लास्ट वर्ड गायब होतोय. विद्यार्थी म्हणतात, माइक खराब आहे."

नाना घोगरं हसले. "माइक खराब नाही, घसा खराब आहे. तो शब्द मी मुद्दाम सोडतो. कीर्तनात तो श्रोत्यानं घ्यायचा असतो."

"पण इथे श्रोता कुठाय, भिया? मोबाईल थोडीच बोलणार!"

"मोबाईल नाही रे, मोबाईलवर ऐकणारा बोलेल!"

समीर म्हणाला, तरी तेवढे शब्द भरून द्या. यामिनी हळूच म्हणाली, "नाना, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. एक तर ते शब्द होतील, नाही तर शेवटचा पाठ."

नानांनी पाठ निवडला. गळ्यात उपरणं घालून बसले आणि पहिल्या पाठातलंच पद फुटक्या आवाजात म्हणाले:

"अंधारल्या रानी, वासराच्या कानी,
पडे हाक, धावे माझी..."

आणि थांबले. मग सांगू लागले, "बघा हं, इथे मी गप्प. कुणी म्हणेल गाय, कुणी म्हणेल माय. ज्याला जे उणं, ते त्याच्या तोंडी येतं. ते त्याचं खरं असतं. बुवानं ते सुधारायचं नाही. देवाला तोच शब्द पोचतो. आता तुम्ही म्हणा."

एवढं बोलता बोलता आवाज पार बसला. यामिनीनं चित्रण थांबवलं. तिनं तो पाठ तसाच पाठवून दिला. नानांचा जीव भांड्यात पडला. बोलणं गेलं तरी बोललेलं राहील, एवढंच त्यांना हवं होतं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. घरी आल्यावर नानांनी खुणेनंच मोबाईल मागितला आणि शेवटचा पाठ लावला.

"...धावे माझी..." आणि लगेच, नानांच्याच आवाजात, ठणठणीत, सुरात: "गाय!"

नाना दचकले. तो शब्द त्यांनी म्हटलाच नव्हता. आणि त्यापुढची सगळी समजावणी? ती गेली होती. कापलेली.

यामिनीनं तडक समीरला फोन लावला.

"सरप्राइज होतं, भाभीजी! कंप्यूटरनं नानांच्याच आवाजात सगळे वर्ड भरले. पेशंटला तकलीफ कशाला? आणि ते लंबं एक्सप्लेनेशन आता लागतच नव्हतं ना."

तोवर नाना खालचे अभिप्राय वाचत होते. आता क्लियर आहे. धन्यवाद सर. खंडव्याच्या इंदुमतीबाईंनी लिहिलं होतं, "सर, आई गेल्यापासून रोज हे पद म्हणते. मी 'माय' म्हणत होते. चूक कळली, सुधारून घेतली."

"नाना, काय लिहू त्यांना?" यामिनीनं विचारलं.

नानांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मान ताणली गेली. गळ्यावरचं फडकं तेवढं फडफडलं. यामिनी वाकून ओठांकडे बघत राहिली, आणि तिला काहीच कळेना.