मागच्या सीटवरचा शब्द

सुशांतने त्या गाडीचं जे काही केलं, ते पाहून त्याच्या मित्रांनी कपाळाला हात लावला. एन्फिल्डची लाइटनिंग, तीही अठ्ठ्याण्णव सालात! उंच वळलेलं हँडल, चकाकती टाकी, बसकी सीट. अशी ऐटबाज क्रूझर रस्त्यानं गेली की माणसं चहाचा ग्लास हातात धरून बघत राहायची. आणि या पठ्ठ्यानं तिचा दिवाणखान्यातला सोफा करून ठेवला.

कारण एकच, चंदना.

चंदना त्याच्याच ऑफिसात अकाउंट्सला होती. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण कानडीची फोडणी दिलेली. सुशांत पुण्याहून आलेला, त्यातून अस्सल पुणेकर. कँटीनमध्ये पहिल्यांदा ती त्याला म्हणाली, "स्वल्प सरका की," आणि हा सगळ्यांदेखत खो खो हसला. "हे कुठलं मराठी काढलंस?" तीही हसली. पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना ती तांदूळ निवडावेत तसा एकेक शब्द निवडू लागली. अडली की इंग्रजीचा आधार घ्यायची. या शहाण्याला वाटलं, आपल्या संगतीनं हिची भाषा सुधारतेय. माणूस वाईट नव्हता हो, पण अक्कल थोडी कमी पडायची.

दोघंही राहायला बनशंकरीत. एकदा तिची बस चुकली म्हणून त्यानं तिला गाडीवर घेतलं. त्या क्रूझरची मागची सीट म्हणजे नुसतं नाव. वीतभर रुंद, मागे उतरती, धरायला काही नाही. लहानपणी जिन्यावरून पडल्यापासून चंदनाची पाठ नाजूक. गल्लीच्या तोंडाशी ती कंबर धरून उतरली, "छान आहे गाडी," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं बसनं जाऊ लागली.

मग सुशांतचे रविवार पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत जाऊ लागले. तिथे शिवाप्पा नावाच्या कारागिराची शेड होती. पुढची-मागची सीट एका पातळीत आणून रुंद केली, आत चांगला जाड फोम घातला. मागे टेकायला गादीची पाठ. तिचं माप कुठून आणलं, तर चंदना जेवायला गेल्यावर तिची ऑफिसातली खुर्ची मोजून! एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बाईला दोन्ही पावलं ठेवता येतील अशी पट्टी लावली. हँडल खाली आणून जवळ ओढलं, मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलून मऊ घेतले. डबा आणि पर्स ठेवायला बाजूला पेटी आली. शिवाप्पानं मोडक्या हिंदीत विचारलं, "शादी हुआ क्या, सर?"

"अभी नहीं."

"तो फिर सीट किसका है?"

सुशांत कानापर्यंत लाल झाला. सगळं बदललं, फक्त सायलेन्सर तेवढा राहू दिला. मित्रांच्या नादानं बसवलेला तो मोकळा सायलेन्सर असा धडाडायचा की गल्लीतली कुत्री उठून उभी राहत. सगळी ऐट गेली, एक आवाज तरी राहू दे, असं त्याचं म्हणणं.

चंदना त्या सीटवर बसली, मागे रेलली आणि तिला सगळं कळलं. "ही तर माझी खुर्चीच आहे," एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून तिनं बसचा पास काढला नाही. येता-जाता तिचा हात त्याच्या खांद्यावर असायचा आणि सुशांत जमिनीवर नसायचा.

लग्नाचं विचारायला मात्र त्याची जीभ रेटेना. समोर बसून विचारायचं त्यानं कितीदा ठरवलं, आणि कितीदा गप्पा पावसापाण्यावर नेल्या. शेवटी त्याला एक युक्ती सुचली. गाडीवर विचारायचं! तोंडाकडे बघावं लागत नाही, नजर रस्त्यावर ठेवता येते. एका संध्याकाळी घरी परतताना कनकपुरा रोडवर त्यानं वेग कमी केला, हेल्मेटची काच वर सारली आणि ओरडून विचारलं, "चंदना, माझ्याशी लग्न करशील?"

बाजूनं लॉरी गेली. मग त्या धडधडाटातून हेल्मेटच्या आत एक शब्द पोचला.

सॉरी.

सुशांतनं काच खाली ओढली आणि गाडी दामटली. तिच्या फाटकाशी थांबला, पण हेल्मेट काढलं नाही, कारण डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसायला नको होते. ती उतरून तशीच उभी राहिली. "येतो," म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या रस्त्यानं ऑफिसात जाऊ लागला आणि तिला टाळू लागला. तीन-चार आठवड्यांनी एका दुपारी ती त्याच्या टेबलाशी आली, तर या उदार माणसानं हात वर करून तिला थांबवलं. "काही बोलू नकोस. मी समजलोय. आपण तो विषय विसरून जाऊ." तिचा चेहरा पांढरा पडला. सुशांतला वाटलं, बिचारीला वाईट वाटतंय. त्या काळात कॉम्प्युटरमधला दोन हजार सालचा घोळ निस्तरायला कंपन्या पोरांना भराभर अमेरिकेला धाडत होत्या. त्यानं आपणहून नाव दिलं. गाडी घरमालक शेषगिरींच्या जिन्याखाली झाकून ठेवली आणि तो गेला.

तिकडे तो तिला विसरला नाही. प्रयत्न खूप केला, पण जमलं नाही.

नव्याण्णवच्या डिसेंबरात तो परतला. ऑफिसात हजर झाला त्याच दिवशी चंदना कँटीनमध्ये दिसली. गळ्यात काळे मणी होते. तरी हसून त्यानं अभिनंदन केलं आणि समोर बसला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिनं चमचा खाली ठेवला.

"एक विचारू? आता विचारायला हरकत नाही. एवढं सगळं केलंत, लग्नाचं विचारलंत, आणि मग का गेलात?"

"का म्हणजे? तू नाही म्हणालीस."

"मी?"

"सॉरी म्हणालीस ना. मी ऐकलं."

चंदना त्याच्याकडे बघतच राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सरी म्हटले होते मी. सरी."

सुशांतला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरी! ऑटोवाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, शिवाप्पा दर वाक्याला म्हणायचा. बरं, ठीक, हो. बंगळुरात राहून हा शब्द त्यानं उठताबसता ऐकला होता. फक्त हिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तुमच्यापुढं सगळं जपून बोलायचे मी," ती म्हणाली. "तेवढं एक जपून बोलायला सुचलं नाही. आनंद झाला की घरचंच तोंडात येतं की."

तिनं खाली ठेवलेला चमचा सुशांत उगाच सरळ करू लागला.

"त्या दिवशी घरी जाऊन अम्माला सांगितलं मी. अम्मानं चिरोटे केले. अप्पा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, पुण्याहून तुमची माणसं येतील म्हणून. मी त्यांना म्हणायचे, थांबा की, येतील. मग तुम्ही म्हणालात, विसरून जाऊ. मला वाटलं, विचारून पस्तावलात. आमच्यात मुलीकडचे परत विचारायला जात नाहीत. अप्पा तर तुमचं नाव काढायला तयार नव्हते."

"पुन्हा एकदा म्हणायचं होतंस, चंदना." हे बोलताना त्याचा आवाज फाटला. "मोठ्यानं म्हणायचं होतंस."

"म्हटले की. परत म्हटले, मोठ्यानं म्हटले. तुम्ही गाडी पळवत होता." तिचे डोळे भरले होते, तरी ती ते पुसत नव्हती. "मागं बसून येड्यासारखी मान हलवत होते मी. हसत होते. तुमच्यापुढं आरसा होता, सुशांत. एकदा तरी आरशात बघायचं."