दोन बोटं सैल

पशुविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आम्ही बेचाळीस जण होतो. निम्म्यांच्या घरी गाई-म्हशी होत्या, उरलेल्यांच्या निदान शेजारी तरी. माझ्या घरी चार शिलाई मशीनं होती. ओळख करून देताना मी हे सांगितलं आणि त्याच दिवशी माझं नाव ‘टेलर’ पडलं. माझ्या नाकावर जन्मापासूनच राग, त्यामुळे पहिला आठवडा भांडण्यात गेला. मग नावाची सवय झाली.

बाबांना हे शिक्षण मुळीच पटलेलं नव्हतं. “आपल्या सात पिढ्यांत कुणी गाईला चारा घातला नाही, आणि ही चालली तिची पदवी घ्यायला,” असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. शेवटी आईने मध्ये पडून तोडगा काढला. एक वर्ष बघू, म्हणाले बाबा. एक जरी विषय राहिला तरी मुकाट्याने परत येऊन खिडकीजवळच्या मशीनवर बसायचं. निघताना मात्र बाबांनी स्वतःच्या गळ्यातली टेप काढून माझ्या हातात ठेवली. “माप घ्यायला लागेलच कशाचं तरी,” एवढंच म्हणाले.

आणि लागलंच. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला चिठ्ठी टाकून एकेक कालवड सांभाळायला मिळाली. मला एक्केचाळीस नंबरची आली. कानात पिवळा बिल्ला, कपाळावर पांढरा ठिपका आणि स्वभाव थेट माझा. पदरी पडलं पवित्र झालं, म्हणून घेतली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या वहीचं पान खाल्लं, आणि का कोण जाणे, माझा तिच्यावर जीवच जडला.

नियम सोपा होता. दर सोमवारी पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, तक्त्यात त्या घेरासमोरचं वजन बघायचं, ते वहीत लिहायचं आणि त्यावरून आठवड्याचं खाद्य ठरवायचं. बारा आठवडे काट्याचं तोंड बघायचं नाही. शेवटी सगळ्यांसमोर कालवड काट्यावर चढवायची. वहीतल्या आणि काट्यावरच्या वजनात पाच किलोंहून जास्त फरक पडला, तर विषय राहिला. मला तर ही परीक्षाच वाटत नव्हती. बाकीचे टेप कधी करकचून आवळायचे, कधी लोंबती सोडायचे. मी सहावीपासून दुकानात मापं घेत आले होते. मनातल्या मनात मी सगळ्यांना हसून घेतलं.

वजनाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं माप घेत होते. गोठ्यावरचे मामा दारात चहा पीत उभे होते. तीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस, सगळ्या कॉलेजचे मामा.

“काय गं टेलर,” ते म्हणाले, “कालवडीला झंपर शिवतेस का?”

“म्हणजे?”

“टेपखाली बोटं कशाला घातलीस?”

मी खाली बघितलं. टेप आणि छाती यांच्या मधे माझी दोन बोटं होती. वाढत्या अंगाला दोन बोटं सैल, हे बाबांनी इतक्यांदा सांगितलंय की टेप हातात आली की बोटं आपली आपण आत जातात. बारा सोमवार ती अशीच गेली होती. जित्याची खोड!

बोटं काढून पुन्हा मोजलं. घेर साडेतीन सेंटिमीटरने उतरला. नेहमीच्या मापाने वजन येत होतं एकशे आठ, आता अठ्ठ्याण्णव. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

“तरीच म्हटलं हिची चाल सासूबाईंसारखी का झालीय,” मामा म्हणाले. “तीन महिने दहा किलोंचं जास्तीचं खातेय.”

खोलीवर आले तर मैत्रीण म्हणाली, “रडतेस काय? नवी वही घे, बारा आकडे नव्याने लिही. कुणाच्या बापाला कळतंय?”

माझ्याच बापाला कळणार होतं. पालकांना बोलावलं होतं आणि बाबा दुकान बंद ठेवून येणार होते. खिडकीजवळचं मशीन डोळ्यांसमोर आलं आणि मी खरोखर नवी वही उघडली. तीन सोमवार लिहून झाले. पण वजनाच्या शेजारी खाद्याचा रकाना, त्याच्या शेजारी जंताच्या औषधाचा. एक आकडा खोटा लिहिला की शेजारचाही खोटा लिहायला लागत होता. कापड चुकीचं कापलं गेलं तर बाबा गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात, शिलाईत दडवत नाहीत. मला माझाच भयंकर राग आला. पान फाडलं आणि झोपले.

सकाळी काट्याभोवती सगळा वर्ग आणि पालक जमले. बाबा मागे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, शेणात पाय पडू नये म्हणून एका विटेवर. शिकवणाऱ्या बाईंनी माझा नंबर पुकारला.

“बाई, माझं वजन चुकलंय,” मी म्हणाले.

“तुझं की कालवडीचं?”

सगळे हसले. मी दोन बोटांची सगळी गोष्ट सांगून टाकली. सांगताना बाबांकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

बाई हसल्या नाहीत. “मोजून दाखव. बोटं घालून एकदा, काढून एकदा. असं तीन वेळा.”

मोजलं. तिन्ही वेळा फरक साडेतीन. ना केसभर कमी, ना केसभर जास्त. बाईंनी लाल पेनाने माझ्या वहीतल्या बाराही घेरांतून साडेतीन वजा केले आणि शेजारी नवी वजनं मांडली. शेवटचं आलं अठ्ठ्याण्णव. मग कालवड काट्यावर चढली, नाइलाजाने, मामांनी मागून ढकलल्यावर. काटा हलला, डुलला आणि नव्याण्णववर थांबला.

“वर्गातल्या हुशार मुलाचा फरक चार किलोंचा आहे,” बाई म्हणाल्या. “का, तर त्याचा हात दर सोमवारी वेगळा. हिची चूक बाराही वेळा एकच, म्हणून ती धुऊन काढता येते. खाद्य जास्त घातल्याचे गुण मात्र कापणार हं. पास!”

मी एक्केचाळीसच्या गळ्यात पडले. तिने माझी ओढणी चघळायला घेतली. मामांनी शिट्टी मारली, आणि मला इतका आनंद झाला की मी ती ओढणी सोडवलीसुद्धा नाही.

बाबा विटेवरून उतरले आणि शेणातून सरळ चालत आले. त्यांनी कालवडीला खालीवर न्याहाळलं, मग तिच्या गळ्यातल्या दोरीत हळूच दोन बोटं घालून बघितली. बोटं जाईनात.

“छातीचं राहू दे,” ते म्हणाले, “पण इथे तरी दोन बोटं हवीत. वाढतं अंग आहे.”

“तीस वर्षं हेच सांगतोय पोरांना,” मामा म्हणाले. “ऐकतंय कोण!”

बाबांनी दोरीची गाठ सोडली, जरा सैल करून पुन्हा बांधली आणि परत बोटं घालून खात्री केली. बराच वेळ ते त्या गाठीशीच खेळत राहिले.

“एक वर्ष म्हणालो होतो ना,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “ते माप मी जरा तंगच घेतलं होतं.”