पित्ताची गोळी

नवरा गेल्यावर गोदूताईंना काही गोड लागेना. सहा महिने नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या. शेवटी एकट्याच अलिबागला मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. गोळीने गुण आला. पण नागावात वेडीचा शिक्का बसायला कितीसा वेळ लागतो? म्हणून त्यांनी गोळ्या सुट्या करून चूर्णाच्या बाटलीत भरल्या, डॉक्टरांचा कागद तांदळाच्या डब्यात पुरला आणि गोळीचं नाव ठेवलं, पित्ताची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

परवा न्हाणीत घसरून उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" दारात चार ओळखीची तोंडं उभी.

"पित्ताची," गोदूताई म्हणाल्या. जिभेला सवयच झाली होती. डॉक्टरांनी दुखण्यावर ट्रॅमाडॉल लिहून दिली.

आज दुपारी पेज पिताना चमचा वाटीवर वाजायला लागला. हात थरथरत होते, दरदरून घाम फुटला होता, काळीज धडधडत होतं. औषधाच्या पुडीवर दुकानाचा नंबर होता. पण दुकान किशोरीचं, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मुलाला फोन लावावा, तर परेश पनवेलला, आणि त्यालाही पित्तच ठाऊक. गोदूताईंना मरणाची भीती वाटली. त्यांनी दुकानाचा नंबर लावला, काय होतंय ते सांगितलं आणि सवयीने पित्ताची गोळीही सांगितली.

"पित्ताची कुठली?" किशोरीने विचारलं.

"पित्ताची न्हाय गं ती. मनाची हाय. दोन वर्षं घेतेय." डाव्या हाताने तांदूळ उपसून त्यांनी कागद काढला आणि नाव एकेक अक्षर लावून वाचलं.

किशोरीने ते लिहून घेतलं. "ताई, ह्या दोन गोळ्या एकमेकींना बाधतात. डॉक्टर बघेपर्यंत दोन्हीतली एकपण घेऊ नका. ते दुखण्याची दुसरी देतील. आत्ताच दवाखान्यात जायला पायजे. घरात कोण हाय? फोन द्या त्यांना."

"कोण न्हाय."

"शेजारी?"

"तिथं होमस्टे झालाय. रोज नवी माणसं."

"मग दोन वर्षं लपवलीत कोणापासून?"

गोदूताईंना रडू आलं.

"पुढचं दार उघडून बसा. रिक्षा घेऊन मीच येते."

त्यांची ये-जा परसदारानेच. पुढच्या दाराची कडी खाऱ्या वाऱ्याने गंजून बसली होती. थरथरत्या डाव्या हाताने गोदूताई ती ओढत राहिल्या.