खिडकीखालची हिरवळ

माळ्याने खुरपं खुपसलं आणि मातीचं ढेकूळ नाकाशी नेलं. आंबूस वास आला. बाकी हिरवळ कशी तजेलदार, आणि या खिडकीखाली खाटेएवढा तुकडा पार करपलेला. उकरलं तर गांडुळं मेलेली. वर सुकलेल्या दुधाचा पांढरट थर होता, चांगलं साखरेचं दूध, तरी मुंगी औषधालासुद्धा नव्हती. त्याला जरा नवल वाटलं.

तेवढ्यात वरून दुधाची धार आली. त्याने मान वर केली. खिडकीत घरची म्हातारी उभी, हातात रिकामा पेला. त्याला पाहून ती दचकली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. माळ्याला हसूच फुटलं. त्याची आईही दूध म्हटलं की अशीच नाक मुरडायची.

पण पेरलेलं उगवलं नाही तर बोल त्यालाच लागणार होता. म्हातारीचा सांभाळ करणारा भाचा काम बघायला आला, तेव्हा त्याने सांगून टाकलं.

"मातीचा दोष नाही साहेब. आजी वरून दूध ओततात. तेवढं थांबवा, महिन्यात गालिचा करून देतो."

भाच्याने वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"रोज ओतते?"

"रोजच असणार. त्याशिवाय इतकं करपत नाही."

"बरं झालं सांगितलंत. आता समोर बसून पाजत जाईन."

माळ्याने वरची वीतभर माती काढून टाकली, नवी भरली, बी पेरलं.

महिन्याने तो गवत कापायचं मशीन घेऊन आला. हिरवळ अशी दाट उगवली होती, की स्वतःचीच पाठ थोपटावी. वरची खिडकी बंद होती.

"तुमच्या हाताला गुण आहे हो," भाचा म्हणाला.

"आजी दिसत नाहीत त्या?"

"झोपलीय. हल्ली झोपूनच असते. दूध मात्र संपवते, थेंब ठेवत नाही."

माळी गुडघ्यावर बसला. गवताच्या बुडाशी मुंग्यांची रांग लगबगीने चालली होती. साखरेचं दूध सांडत होतं तेव्हा इथे एकही फिरकत नव्हती. ओठांवरचं ते बोट त्याला आठवलं. आपणच सांगितलं, आपल्याच तोंडाने.

मशीन तिथेच टाकून तो घरात शिरला.

"अहो, कुठे निघालात? पाय चिखलाचे आहेत!"

माळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचला होता. वरून कसलाच आवाज येत नव्हता.