रोज सकाळी सोडायची वेणी

जोमसुनची वेणी संध्याकाळी घालायची आणि सकाळी सोडायची, असा ओकबुनच्या घरचा उलटा रिवाज होता. सेऊलच्या नाल्याकाठी फळ्या-पत्र्यांच्या खोपटात राहणाऱ्या या विधवेला धुणी धुऊन दोन पोटं भरता येत नव्हती. म्हणून दहा वर्षांची लेक स्टेशनसमोरच्या चहागृहांत च्युइंगम विकायची, आणि नीटनेटक्या पोरीकडून तो कुणी घेत नसे.

"आई, नको ना विस्कटू. शाळेत जाणाऱ्या पोरी हसतात."

"हसू देत. त्या काय तुला पेज घालणारेत? बरं, कुणी विचारलं तर?"

"आईबाप मेले."

"आणि मी समोर उभी असले तर?"

"तरी मेले," म्हणत जोमसुन फिदीफिदी हसली. ओकबुनलाही हसू आलं.

त्या वसंतात सरकार उलथलं. रणगाड्यांवरून आलेल्या नव्या राज्यकर्त्यांना देश स्वच्छ करायचा होता, आणि त्याची सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे रस्त्यावरची पोरं. त्यांच्या वतीने भांडायला कोण येणार? भरदुपारी स्टेशनवर ट्रक आला आणि बूटपॉलिशवाली, चिंध्या वेचणारी, गम विकणारी, हाताला लागतील ती पोरं भरून घेऊन गेला.

अकरा दिवस वणवण केल्यावर ओकबुनला शहराबाहेरच्या बालगृहाचा पत्ता लागला.

"कुटुंबाच्या नोंदवहीत पोरीचं नाव आहे?" तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही साहेब. लग्नाची नोंद व्हायच्या आधीच तिचा बाप लढाईत गेला."

"मग कागदावर तुम्ही तिच्या कुणी नाही."

"कागद राहू द्या. पोरीलाच विचारा."

जोमसुनला आणलं. तिच्या डोक्याचा चकोट केला होता.

"ही बाई कोण?"

पोरीने अधिकाऱ्याच्या गणवेशाकडे पाहिलं, मग आईकडे. चेहऱ्यावर ओळख दिसू दिली नाही. "माहीत नाही. माझे आईबाप मेले," ती घडाघडा म्हणाली आणि शाबासकीसाठी हळूच आईकडे बघू लागली.

"अगं, आता नाही! आता खरं सांग, बाळा!"

"आई!" जोमसुनने हंबरडा फोडला.

"माझ्यादेखत पढवताय?" अधिकारी म्हणाला. पोरीला आत नेलं. तो माणूस वाईट नव्हता, म्हणून त्याने आवाज खाली आणला. "हे बघा बाई, तिची अनाथ म्हणून नोंद झालीय. मावशी म्हणून अंगठा द्या. शरदात चुसॉकच्या सणाला अर्धा तास भेटवतो."

कागदावर काय लिहिलंय, ते ओकबुनने त्याला शब्दाशब्दावर बोट ठेवायला लावून वाचून घेतलं. 'आई: मयत.' पोरीला डोळे भरून बघायला मिळणार होतं, आणि त्यासाठी स्वतःला स्वतःच्या हाताने मारायचं होतं. तिने शाईत अंगठा बुडवला आणि थेट 'मयत' या शब्दावर दाबला.

"मेलेलं माणूस अंगठा देत नाही, साहेब. मी तिची आई आहे. उद्या परत येईन."

अधिकाऱ्याने कागद फाडला आणि दार बंद झालं. ती रोज गेली. दार उघडलं नाही.

पण त्या पहिल्याच संध्याकाळी ती नाल्याकाठच्या प्रत्येक खोपटात जाऊन बसली. "पोरींना सांगा, आई आहे म्हणा. वेणी सोडू नका. मी शिकवलं, त्याचं फळ भोगतेय."

दुसऱ्या दिवशी तीन पोरी घट्ट वेण्या घालून, आई आहे असं सांगत चहागृहांत फिरल्या. त्यांचा गम तसाच परत आला. तो न घेणारे आपणही तिथेच चहा पीत बसलो होतो.